बाबांचं डोलणं

माझ्या वडिलांनी गळ्यात माळ घातली तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान मांजराचं झालं, असं आई म्हणायची. बाबा मासा इतका निगुतीने खात की काट्याला काही उरत नसे, पण डोकं मात्र ते न चुकता मांजरासाठी ताटाच्या कडेला ठेवत. ते डोकं बंद झालं.

आम्ही तेव्हा घाटकोपरला भटवाडीत राहत होतो, टेकडीच्या उतारावरच्या बैठ्या चाळीत. घरात आई, बाबा, मी आणि नुकतीच लग्न होऊन आलेली माझी बायको. मूळचे आम्ही मालवणकडचे. बाबा परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप झाला, लांबला, आणि लांबता लांबता त्यांचं कामच संपलं. ज्या माणसाचं उठणं, जेवणं, झोपणं सगळं भोंग्यावर चालायचं, त्याला दिवसभर घरात बसून काय करायचं असतं हेच कळेना. चाळीच्या पायऱ्या उतरून गेलं की खाली विठ्ठलाचं एक छोटं देऊळ होतं. तिथे दर गुरुवारी आणि एकादशीला भजन असायचं. बाबा आधी बाहेरच्या कट्ट्यावर बसायचे, मग आत बसायला लागले, मग त्यांच्या हातात टाळ आले. आणि एका एकादशीला ते घरी आले ते तुळशीची माळ घालूनच.

दुसऱ्या दिवशी आई दारात बांगडे साफ करत बसली होती. बाबा म्हणाले, "माझ्यासाठी करू नको. आजपासून बंद."

आईने कोयती थांबवली. गळ्यातली माळ तिने रात्रीच बघितली होती, पण तिला वाटलं होतं की ही माळ चाळीतल्या इतरांसारखी असेल. आमच्या चाळीत माळकरी बरेच होते. त्यातल्या काहींनी घरात एक खुंटी ठेवली होती. मासे खावेसे वाटले की माळ खुंटीला अडकवायची, जेवायचं, अंघोळ करून परत घालायची. देव समजून घेतो, असं ते म्हणत. बाबा त्यातले नव्हते. साच्यावर एक धागा तुटला तरी साचा थांबवणारा माणूस तो.

"मगे ह्येंका काय परत दर्यात नेऊन सोडू?" आई म्हणाली.

"तुमी खावा," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

पुढची काही वर्षं ते मासे शिजण्याच्या वेळी तसेच बसत आले. आईने माशांसाठी वेगळी भांडी केली, वातीचा स्टोव्ह दाराबाहेर मांडला. बाबांच्या ताटात भात, वरण, कुळथाची पिठी, एखादी भाजी आणि नारळाच्या रसाची सोलकढी. दुधाचा वास त्यांना लहानपणापासून सहन व्हायचा नाही, चहा ते कोरा प्यायचे. दही-ताक म्हणजे त्यांच्या मते आजाऱ्याचं खाणं. त्यामुळे मासे सुटले तेव्हा त्यांच्या ताटात झाडापासून न आलेलं असं काहीच उरलं नाही. हे मी आज लिहितोय. तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. आणि खरं तर यायला हवं होतं ते माझ्याच.

कारण मी मुलुंडच्या एका औषध कंपनीत नोकरीला होतो. पॅकिंग खात्यात. माझं काम बाटल्यांवर लेबल सरळ बसलंय की नाही हे बघण्याचं, पण चाळीत मला अर्धा डॉक्टर समजत. मी ते कधी नाकारलं नाही. खात्यातले आम्ही सगळेच जीवनसत्त्वं शेंगदाण्यासारखी खायचो. बी कॉम्प्लेक्स खाल्लं की लघवी हळदीसारखी पिवळी होते, हे माहीत नसलेला एक नवा कामगार एकदा कावीळ झाली म्हणून रजेचा अर्ज घेऊन आला होता. आम्ही त्याला फार हसलो. एवढ्याशा ज्ञानावर मी स्वतःला जाणकार म्हणवत होतो.

बाबा निस्तेज दिसायला लागले तेव्हा मी लगेच उपाय केला. पायऱ्या चढताना ते अर्ध्यावर थांबत, चेहरा पिवळट झाला होता, जीभ हुळहुळते म्हणत. मी कंपनीतून कामगारांच्या सवलतीत टॉनिक आणलं. त्यात लोह होतं आणि फॉलिक ॲसिड होतं. दोन-तीन महिन्यांत बाबांच्या गालांवर रंग आला, धाप कमी झाली. चाळीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "झकास! रक्त एकदम तरुणाचं आहे." शेजारीपाजारी मला थांबवून त्या टॉनिकचं नाव विचारायला लागले. मी सांगायचो, आणि वर हेही सांगायचो की मीच सुरू केलं.

हुरूप येऊन मी आणखी एक गोष्ट आणली. अ आणि ड जीवनसत्त्वाच्या पिवळ्या पारदर्शक गोळ्यांचा मोठा डबा. बाबांनी एक तोंडात टाकली, ती दाताखाली फुटली, आणि त्यांनी डोळे मिटले. दोन क्षण ते तसेच राहिले. मग उठून बाहेर जाऊन थुंकून आले.

"मोरी," ते म्हणाले.

मी डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं. शार्कच्या यकृताचं तेल. शार्कला आमच्याकडे मोरी म्हणतात, आणि तिचं कालवण बाबांचं सगळ्यात आवडतं. एका थेंबावरून त्यांनी मासा ओळखला होता.

"अहो, त्यांनी थुंकायला जरा उशीरच केला नाही?" बायको मला नंतर हळूच म्हणाली.

डबा परत देता येत नव्हता. आईने तो ताब्यात घेतला. "माझ्या गळ्यात काय माळ नाय," ती म्हणाली, "मोरी फुकट कित्याक घालवूची?"

बाबांचे पाय कधी बिघडायला लागले ते नेमकं सांगता येत नाही, कारण ते सांगतच नव्हते. आधी मुंग्या यायच्या, मग पायाखाली गिरणीतला कापूस पसरलाय असं वाटायचं, हे आम्हाला फार नंतर कळलं. आम्हाला दिसायचं ते एवढंच, की घरात ते भिंतीला हात लावून चालतात आणि पायातली चप्पल मागे राहिली तरी पुढे जातात. आम्हाला वाटलं, वय.

आणि देवळात मात्र उलटंच काही घडत होतं. भजनात उभं राहून बाबा डोळे मिटायचे आणि डोलायला लागायचे. आधी थोडं, मग जास्त. वाऱ्यावर माड हलावा तसे. भजनी मंडळाचे बुवा, जे दिवसा वाण्याच्या दुकानात हिशेब बघायचे, ते एकदा भजन थांबवून म्हणाले, "बघा, याला म्हणतात लागणं! आपण नुसते ओरडतोय." त्या दिवसापासून बाबांना पुढची जागा मिळाली. भजन संपलं की दोन-चार माणसं त्यांच्या पाया पडायला लागली. मग बायका मुलांना घेऊन यायला लागल्या.

बाबांनी कोणाला नको म्हटलं नाही. गिरणी गेल्यापासून त्यांना कोणी कशासाठी विचारलं नव्हतं. मी ते बघायचो आणि मला बरं वाटायचं. एवढं माझ्या टॉनिकने झालं, असंही कुठेतरी वाटायचं. हे लिहिताना कान गरम होतात, पण वाटायचं.

आई एकटीच साशंक होती. "घरात भिंत धरून चलतत आणि देवळात गेल्यार डोलतत," ती म्हणायची. "देवळात भिंत नाय म्हणान काय?"

आईचं बोलणं आम्ही हसण्यावारी नेलं. ती त्या दिवसांत चिडचिडीही झाली होती. तिचं डोकं दुखायचं, ओठ फुटून सोलून निघायचे, केसांचे पुंजके फणीत यायचे.

मग एका सकाळी बाबा चाळीच्या नळावर तोंड धूत असताना पडले. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि सरळ आडवे झाले. कपाळाला खोक पडली. गंमत अशी, की चाळीतल्या एका म्हातारीने नळावरच त्यांच्या पायाला हात लावून नमस्कार केला. तिला वाटलं, यांना आता नळावरही लागायला लागलं.

बायको म्हणाली, "आता जाणकारी पुरे. मी सांगते त्या डॉक्टरकडे चला." स्टेशनच्या पूर्वेला एक गुजराती डॉक्टरीणबाई होत्या. वयस्कर, पांढरी साडी, डोक्यावरचा पंखा कुरकुरत असलेला दवाखाना. आम्ही चौघंही गेलो.

बाईंनी बाबांची जीभ बघितली. लाल आणि गुळगुळीत होती. मग त्यांनी एक लोखंडी चिमटा हातावर आपटला. तो घुमायला लागला. त्यांनी तो बाबांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

"काका, घुमतंय?"

"सुरू करा, मगे सांगतंय," बाबा म्हणाले.

बाईंनी सुरू केव्हाच केलं होतं. त्यांनी चिमटा घोट्यावर टेकवला, मग नडगीवर. गुडघ्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "हां, आता घुमता."

मग त्यांनी बाबांना उभं केलं, पाय जुळवायला सांगितले आणि म्हणाल्या, "आता डोळे मिटा." बाबांनी डोळे मिटले. क्षणभराने ते डावीकडे झुकले, मग उजवीकडे, मग पुढे, आणि मी धावून त्यांना धरलं.

"अगो बाय," आई म्हणाली, "ह्या तर ते दर गुरवारी करतत!"

"काय करतात?"

आईने सगळं सांगितलं. देऊळ, टाळ, पुढची जागा, पाया पडणारे लोक. बाईंनी हसू आवरलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. मग बाबांना खुर्चीत बसवून त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"मासे-मटण?"

"माळकरी असंय," बाबा ताठ बसून म्हणाले.

"चांगलं केलंत. आमच्याकडे पण कोणी नाही खात. दूध?"

"नाय."

"दही? ताक?"

"नाय."

"चहात तरी?"

"कोरी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही आमचं अर्धंच उचललंत. मासे सोडलेत आमच्यासारखे, पण आमच्यासारखं ताक कोण पिणार?"

त्यांनी समजावलं ते मी कधी विसरलो नाही. बी बारा नावाचं एक जीवनसत्त्व असतं. रक्त बनायला ते लागतं आणि नसांवरचं आवरण शाबूत राहायलाही लागतं. ते झाडपाल्यातून मिळत नाही. मासे, मटण, अंडी यांतून मिळतं, आणि दुधातूनही. यकृत ते साठवून ठेवतं, वर्षानुवर्षं पुरवतं, म्हणून मासे सोडल्यावर लगेच काही होत नाही. "इतकी वर्षं तुम्ही जुन्या बांगड्यांवर भजन केलंत, काका. आता ते बांगडे संपले. पायांच्या नसा सुकल्या. पाय कुठे आहे हे डोक्याला कळत नाही, ते डोळे सांगतात. डोळे मिटले की खबर बंद. मग माणूस डोलतो."

बाबा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. मी मात्र बोललो. म्हणालो, "पण रक्त तर उत्तम आहे, बाई. रिपोर्ट आहे." आणि पिशवीतून टॉनिकची बाटली अभिमानाने काढून टेबलावर ठेवली.

त्यांनी लेबल वाचलं. लेबल सरळ बसलेलं होतं. "हे कोणी दिलं?"

"मी."

"बी बारा नाही यात. नुसतं फॉलिक ॲसिड आहे." त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं, पण नसांना त्याचा उपयोग नाही. रक्त चांगलं दिसलं म्हणून कोणी पुढे बघितलं नाही. आत बिघाड चालू राहिला. टॉनिक नसतं तर वर्षभर आधी रक्तावरूनच संशय आला असता."

मी बाटली परत पिशवीत ठेवली. मग बाईंची नजर आईच्या ओठांवर गेली. "बेन, तुम्हाला काय झालं? केस पण गळतात?"

"गळतत."

"काही गोळ्या घेता?"

"त्यो मोरयेच्यो," आई म्हणाली. "जेवताना घेतंय. घरात मासे नसले तर मूठभर."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. बी गटातलं जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, त्या म्हणाल्या, पण अ आणि ड निघून जात नाही, साठत राहतं आणि मग विषासारखं वागतं. डोकेदुखी, सोललेली कातडी, केस, सांधे, पुढे यकृत. त्या दिवसापासून डबा बंद. एका घरात एकाला दुष्काळ आणि एकाला पूर, आणि दोन्ही माझ्याच हातचे.

दवाखान्याबाहेर मी बायकोला म्हणालो, "मी दोघांनाही मारत होतो." ती म्हणाली, "अहो, अजून मी शिल्लक आहे. मला काही देऊ नका म्हणजे झालं."

बाईंनी इंजेक्शनं लिहून दिली होती. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, बहुधा कायमची. उशीर केला तर काठी लागेल, मग खाट लागेल, असंही त्यांनी बाबांच्या देखत सांगितलं होतं. मला वाटलं होतं, आता सोपं आहे. पण घरी आल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून बसले, आणि बाहेर मासे तर शिजत नव्हते.

"सुई घेऊची नाय," ते म्हणाले.

पहिलं कारण त्यांनी सांगितलं ते असं, की ते औषध कशाचं करतात हे कोणाला ठाऊक. मोरीच्या गोळीने त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. मी केमिस्टकडे गेलो. लिहिलेलं इंजेक्शन त्याच्याकडे नव्हतं. त्याने दुसरं काढलं, म्हणाला, हेपण चालतं, यात पण बी बारा आहे. खोक्यावर लिहिलं होतं: यकृताचा अर्क. जनावराच्या यकृताचा. बाबांना इंग्रजी अक्षरं जेमतेम यायची. पायऱ्यांपर्यंत ते खोकं माझ्या खिशात होतं. मग मी मागे फिरलो आणि ते परत करून राजावाडीच्या बाजूला जाऊन दुसरं आणलं. एवढं एक पाप माझ्या हातून झालं नाही. त्याचं श्रेयही मी घेत नाही, कारण मला बाबांची भीती वाटली होती, देवाची नव्हे.

कंपनीतल्या केमिस्टला विचारून मी माहिती काढली आणि रात्री जेवताना बाबांना सांगितलं. "हे जनावराचं नाही, बाबा. टाकीत जंतू वाढवतात, ते तयार करतात."

"जंतूंका जीव असता मा?"

"दह्यात असतात तसलेच. दही काय मांसाहारी आहे?"

"म्हणान तर मी दही खाय नाय," बाबा म्हणाले. आई पदर तोंडाला लावून हसली. मी वाद हरलो.

आईने तिचा उपाय सुचवला. "माळ म्हयनोभर खुंटयेक लावा. मी बांगड्याचा तिकला करतंय. सुई नको, काय नको." बाबांनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की तिने विषय सोडला.

खरं कारण जंतू नव्हतं. ते दोन गुरुवार देवळात गेले नाहीत. बुवा घरी आले, विचारपूस करून गेले, जाताना वाकून त्यांच्या पाया पडले. बुवा गेल्यावर बाबा मला म्हणाले, "तुझी ती डागतरीण सांगता, माझा डोलणां म्हणजे रोग. मगे लोक पाया पडले ते कोणाच्या? रोगाच्या?"

 मी म्हणालो, "बाबा, चूक माझी आहे. टॉनिक मी..."

"तू गप रव," ते म्हणाले. "सगळ्यात तुझाच टॉनिक कसा येता मधी?"

ते बरोबरच होतं. मला अपराधी वाटण्यात एवढी गोडी होती की बापाचं दुःख ऐकायलाही सवड नव्हती.  बाबा उठायला गेले, त्यांचा तोल गेला, त्यांनी कपाट धरलं. कपाटावरचे डबे खाली आले. आईने ते उचलत उचलत, वर न बघता, सहज बोलावं तसं म्हटलं:

"एकादशेक जातलास मा देवळात? जावा. डोळे मिटा आणि पडा तोंडार, सगळ्यांसमोर. लोक तुमका काय म्हणूचे नाय. म्हणतले, देवासमोर पडलो आणि देवान बघूक नाय. नाव खराब होतला ता देवाचा. तुमचा काय जाता?"

बाबांचा एक हात कपाटावर होता, दुसरा माळेवर गेला. हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. साच्यावर एक धागा तुटलेला ज्याला चालायचा नाही, त्या माणसाच्या हातून देवाचं नाव खराब व्हायचं म्हणजे फारच झालं.

"उद्या किती वाजता उघडता दवाखानो?" त्यांनी विचारलं.

चाळीतल्या डॉक्टरांच्या कंपाउंडरने पहिली सुई दिली. औषध लालभडक होतं. बाबांनी सिरिंजकडे बघून मला विचारलं, "खात्री असा मा?" मी म्हणालो, "आहे." ते म्हणाले, "तुझी नको, त्या तुझ्या कंपनीतल्या केमिस्टाची असा काय?"

पायांना लगेच काही झालं नाही. उलट मुंग्या वाढल्या. आधी सुधारली ती जीभ. एका दुपारी बाबांनी आमटीचा घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी." आईने मिठाचा डबा पुढे सरकवला. मग कुळथाच्या पिठीला म्हणाले, "तिरफळां जुनी." आई म्हणाली, "सुई जिभेत मारतत की काय!" तिचेही ओठ तोवर भरून आले होते, त्यामुळे बोलणंही धारदार झालं होतं.

महिने गेले. बाबा भिंत सोडून चालायला लागले. डॉक्टरीणबाईंनी चिमटा घोट्यावर टेकवला तर त्यांना तो घुमलेला कळला. डाव्या पायाची बोटं मात्र मुकीच राहिली. "ती बहुतेक नाही येणार," बाई म्हणाल्या. "उशीर झाला होता." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि एका एकादशीला बाबा देवळात गेले. मीही बरोबर होतो. त्यांना पुढची जागा राखून ठेवली होती. भजन सुरू झालं, रंगलं, बाबांनी डोळे मिटले. सगळे चोरून त्यांच्याकडे बघत होते. ते डोललेच नाहीत. टाळ वाजवत सरळ उभे राहिले. भजन संपल्यावर बुवा जवळ आले. "काय हो, आज लागलं नाही वाटतं?"

 मला वाटलं, बाबा काहीतरी सांगून वेळ मारून नेतील, आणि नेली असती तर मी त्यांना दोष दिला नसता. बाबा खाली जाजमावर बसले आणि म्हणाले, "बुवा, ता आधीचा लागणां नव्हता. रोग होतो. पायांका भुंय कळा नाय. डोळे मिटल्यार मी देव शोधीत नव्हतंय, भुंय शोधीत होतंय. पडूची भीती एवढी, देव खय आठवतलो? आज पयल्यांदा डोळे मिटून नुसता भजन ऐकलंय."

 टाळ ठेवल्याचा एक आवाज झाला. बुवा जाजमाची कड सारखी करत बसले. मला वाटलं, संपलं, पुढची जागा गेली.

मग मागच्या भिंतीशी बसलेले एक म्हातारे माळकरी, तेही कोकणातलेच, तेही गिरणीतलेच, घसा साफ करून म्हणाले, "पायाखाली कापूस असल्यासारखो लागता, तसा काय?"

"तसाच," बाबा म्हणाले.

"आणि जीभ?"

"हुळहुळता."

म्हातारे सरकत पुढे आले. त्यांच्यामागून आणखी एक. बुवा स्वतः मृदंगवाल्याकडे बघत म्हणाले, "मला पण रात्री पाय भाजल्यासारखे होतात. मी म्हटलं, दिवसभर दुकानात पाय मुडपून बसून होत असेल." एकेकाने विचारायला सुरुवात केली. दूध घेता का, चहा कोरा का, माळ कधी घातली. बाबा प्रश्न विचारत होते, अगदी डॉक्टरीणबाईंच्या चालीवर. मला त्यांनी मध्ये बोलू दिलं नाही. "ह्येका विचारू नका," ते मला दाखवत म्हणाले, "ह्यो टॉनिक देतलो."

देवळात हशा झाला. मीही हसलो. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच हलकं गेलं.

पुढच्या शनिवारी आम्ही सहा माळकऱ्यांना घेऊन स्टेशनच्या पूर्वेला गेलो. डॉक्टरीणबाईंनी बाकावर ओळीने बसलेल्या तुळशीच्या माळा बघितल्या आणि बाबांना म्हणाल्या, "काका, अख्खं भजन घेऊन आलात?"

"डोलणारे तेवढेच आणलंय," बाबा म्हणाले, आणि पहिल्या म्हाताऱ्याला दंडाला धरून उभं करत म्हणाले, "पाय जुळवा. आता डोळे मिटा. भिया नको, मी मागे असंय."